अनामिकाची वाणी : फ्रँकेनस्टाइनच्या निर्मितीचा भाषिक विचार

१

एखादे पात्र मूळ साहित्यकृतीच्या मर्यादा ओलांडून लोकमानसात स्वतंत्रपणे वावरू लागले म्हणजे त्याचे मूळ रूप आणि प्रचलित रूप यांत अंतर पडणे स्वाभाविकच असते. डॉन किहोटे किंवा हॅम्लेट यांची काहीएक प्रतिमा मूळ ग्रंथ कधीही न उघडलेल्या माणसाच्या मनातही असते. परंतु अशा स्थित्यंतरात सामान्यतः पात्राचा एखादा विशेष फिका होतो, एखादा गडद होतो. त्याचा प्राणभूत गुणच नाहीसा होऊन त्याच्या जागी नेमका विरुद्ध गुण यावा, असे क्वचितच घडते. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या कादंबरीतील कृत्रिम मानवाच्या बाबतीत ते घडले आहे.

या मानवाची सर्वपरिचित प्रतिमा अशी : सपाट माथा, जड पापण्या, मानेच्या दोन्ही बाजूंस खिळ्यांसारखे बसविलेले विद्युदग्र, अवघडलेली चाल आणि घशातून निघणारे गुरगुरणे. ही प्रतिमा मनात बाळगून जो वाचक कादंबरीकडे वळतो त्याला पहिला धक्का बसतो तो तिच्यातील भयाचा नव्हे, तर भाषेचा. कादंबरीतील तो जीव हिमनदीवरून चपळाईने धावतो, युक्तिवाद करतो, ग्रंथांचे दाखले देतो. आणि १८३१ च्या आवृत्तीतील अकरा ते सोळा अशी सहा प्रकरणे त्याच्याच तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात, आलेली आहेत. भयसाहित्यातील सर्वांत प्रसिद्ध मुका हा मुळात त्या साहित्यातील सर्वांत वाक्पटू जीव होता.

हा विरोध टिपून समीक्षकांनी त्याची चर्चा केली नाही असे नाही. पीटर ब्रूक्स यांनी या कादंबरीतील भाषा आणि विद्रूपता यांच्या संबंधाचा सूक्ष्म विचार केलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराला भाषाशास्त्राच्या अंगाने थोडी पुस्ती जोडावयाची आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, भाषा येणे आणि भाषिक समाजात सामावून घेतले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेलीची कादंबरी ही या दोहोंमधील अंतराची कथा आहे. आणि त्या जिवाला पुढे मुके करण्यात आल्यामुळे हे अंतर विसरण्याची मोठीच सोय झाली.

२

कादंबरीच्या जन्माची हकीकत सुपरिचित आहे. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या परिणामी १८१६ चा युरोपातील उन्हाळा थंड व पावसाळी गेला. जिनीव्हा सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात जमलेल्या मंडळींनी जर्मन भुताखेतांच्या गोष्टींचे फ्रेंच भाषांतर वाचून वेळ घालविला आणि प्रत्येकाने तशी एक कथा लिहावी असे ठरले. त्या ठरावातून दोन टिकाऊ गोष्टी निघाल्या : पॉलिडोरीची रक्तपिपासूची कथा (१८१९) आणि त्या वेळी अठरा वर्षांच्या असलेल्या मेरीची ही कादंबरी. १ जानेवारी १८१८ रोजी ती तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना, अवघ्या ५०० प्रतींत प्रसिद्ध झाली.

तिच्या उगमाची चर्चा बहुधा दोन सूत्रांभोवती फिरते. पहिले विज्ञानाचे : गाल्व्हानीचे बेडकांवरील प्रयोग आणि त्याचा भाचा आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेतावर केलेले विजेचे प्रयोग. दुसरे चरित्राचे : मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिला आलेले मरण आणि १८१५ मध्ये मेरीने गमावलेले स्वतःचे पहिले मूल. ही दोन्ही सूत्रे खरी आहेत. पण ती त्या जिवाच्या देहाचा उगम सांगतात; त्याच्या मनाचा सांगत नाहीत.

त्यासाठी तिसरे सूत्र धरावे लागते, आणि ते अठराव्या शतकाच्या भाषाचिंतनात आहे. मनुष्याचे मन जन्मतः कोरे असते काय, विचार आधी की शब्द आधी, समाजावाचून भाषा संभवते काय, हे त्या शतकाचे जिव्हाळ्याचे प्रश्न होते. लॉकने त्यांचा पाया घातला, काँदियाक आणि रूसो यांनी त्यांवर इमारती उभारल्या. मेरीने कादंबरी लिहीत असतानाच लॉकचे वाचन केले होते. प्रत्यक्षातही असा एक प्रयोग घडून गेला होता. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों भागात सापडलेल्या रानटी मुलाला बोलावयास शिकविण्याचा इतार या वैद्याने केलेला यत्न आणि त्यावरील १८०१ चा वृत्तान्त प्रसिद्धच आहे. तो मुलगा दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द उच्चारू लागला. पण तो मागणी म्हणून नव्हे, दूध हाती आल्यावरचा आनंदोद्गार म्हणून. इतारला ही गोष्ट निराशेची वाटली, आणि ती बरोबरच होती. ध्वनी आला होता, पण त्या ध्वनीने दुसऱ्या माणसाशी व्यवहार करता येतो ही जाणीव आली नव्हती.

३

शेलीच्या जिवाच्याही पहिल्या चार शब्दांत दूध आहे. विस्तव, दूध, भाकर, लाकूड : निर्मात्याने टाकून दिल्यानंतर तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात दडून राहतो आणि भिंतीच्या फटीतून तेथील कुटुंबाचे बोलणे ऐकत हे शब्द शिकतो. त्यानंतर येतात माणसांची नावे, आणि येथे लेखिकेचे निरीक्षण विलक्षण अचूक आहे. त्याच्या ध्यानात येते की म्हाताऱ्याला एकच नाव आहे, बाबा. मुलीला दोन आहेत : बहीण आणि अगाथा. तरुणाला तीन आहेत : फेलिक्स, भाऊ आणि मुलगा. चांगला, लाडका, दुःखी असे आणखी काही शब्द त्याला वेगळे ओळखू येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही आणि ते कोठे योजावेत हे कळत नाही.

या क्रमाकडे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहावे. वस्तुवाचक नामे प्रथम येतात, कारण बोट दाखविण्याजोगी वस्तू समोर असते. भाववाचक शब्द मागाहून येतात. मध्ये राहतात ते नातेवाचक शब्द. आणि त्यांचे स्वरूप या दोहोंहून निराळे आहे. ‘लाकूड’ हे कोणीही म्हटले तरी लाकूडच राहते. ‘मुलगा’ आणि ‘भाऊ’ मात्र बोलणारा कोण यावर ठरतात. एकच फेलिक्स म्हाताऱ्याचा मुलगा असतो आणि अगाथाचा भाऊ. म्हणजे नातेवाचक शब्द समजणे आणि तो वापरणे यांत एक मूलभूत भेद आहे. समजण्यासाठी कान पुरतात. वापरण्यासाठी त्या नात्याच्या जाळ्यात आपली स्वतःची एक जागा असावी लागते. त्या जिवाला हे शब्द येतात, पण त्यांपैकी एकही त्याला कोणाला लावता येत नाही आणि कोणी त्याला लावीत नाही.

पुढे सफी ही अरब तरुणी झोपडीत येते. तिला फ्रेंच शिकवावयाचे म्हणून फेलिक्स व्होल्नेचा ‘साम्राज्यांचे भग्नावशेष’ हा ग्रंथ वाचून दाखवितो आणि पलीकडचा विद्यार्थी तिच्यापेक्षाही झपाट्याने शिकत जातो. रानात त्याला तीन पुस्तके सापडतात : मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लूटार्कची चरित्रे आणि गटेचा ‘वेर्थर’. इतके सगळे साधारण वर्षभरात, केवळ चोरून ऐकून शिकता येईल काय? भाषासंपादनाचा अभ्यासक या बाबतीत साशंक राहील, आणि ही शंका वाजवी आहे. परंतु येथे शास्त्रीय संभाव्यतेपेक्षा लेखिकेचा हेतू अधिक महत्त्वाचा आहे. इतारच्या विद्यार्थ्याजवळ शिकविणारा होता, पण त्याला भाषा साधली नाही. शेलीच्या विद्यार्थ्याला भाषा पूर्णपणे साधली, पण त्याच्याशी बोलणारा कोणी नव्हता. एका पारड्यात नसलेले सर्व काही दुसऱ्या पारड्यात घालून लेखिका विचारते : एवढे पुरेसे आहे काय?

या प्रश्नाची कसोटी म्हणजे आंधळ्या म्हाताऱ्याच्या भेटीचा प्रसंग. घरातील इतर माणसे बाहेर गेलेली पाहून जीव आत शिरतो आणि म्हाताऱ्याशी बोलू लागतो. म्हातारा त्याच्या बोलीवरून तो आपल्याच देशाचा, फ्रेंच, असावा असा तर्क करतो. याहून मोठी पावती कोणत्या भाषाविद्यार्थ्याला मिळेल? काही क्षण, कादंबरीत प्रथमच आणि जवळजवळ शेवटचेच, त्याला माणूस म्हणून वागविले जाते. मग मुले परत येतात; दृष्टी असलेल्या माणसांना तो दिसतो; अगाथा मूर्च्छित पडते आणि फेलिक्स त्याला काठीने बडवितो. वाणीने मिळविलेले डोळ्यांनी एका क्षणात हिरावून घेतले.

४

एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५८ च्या एका प्रसिद्ध निबंधात असे दाखविले की, ‘मी’ हे सर्वनाम ‘तू’ला गृहीत धरूनच उच्चारता येते; जो मला उद्देशून ‘तू’ म्हणेल असा कोणी असल्यावाचून माझे ‘मी’पण भाषेत सिद्ध होत नाही. हा जीव त्या सिद्धान्ताचे जणू करुण उदाहरण आहे. त्याने ऐकलेली सारी भाषा इतरांनी इतरांशी केलेली आहे. तिच्यात तो स्वतः कोठेच नाही, तृतीयपुरुषातसुद्धा नाही. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, त्याला सर्व विभक्ती येतात, एक संबोधन तेवढे त्याच्या वाट्याला येत नाही.

किंबहुना येते, पण कोणते? हिमनदीवर निर्माता आणि निर्मिती यांची समोरासमोर गाठ पडते तेव्हा व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन त्याला हाक मारतो ती सैतान, कीटक, राक्षस याच कोटीतील. छोटा विल्यम त्याच्या हातात सापडतो तेव्हा तोही त्याला राक्षस म्हणून ओरडतो. नाव नाही, आहे ती केवळ शिवी. म्हणून त्या जिवाची मागणी काय आहे हे नीट पाहिले पाहिजे. तो सत्ता मागत नाही, संपत्ती मागत नाही. आपल्यासारखी एक सहचरी मागतो. आदमला निदान त्याच्याशी बोलणारा निर्माता लाभला होता, हे त्याने मिल्टनमध्ये वाचले आहे. सहचरीची मागणी ही मूलतः ‘तू’ची मागणी होय. व्हिक्टर ती प्रथम मान्य करतो आणि मग अर्धवट घडविलेली स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वक्तृत्व म्हणजे निर्दोषत्व नव्हे. या जिवाने एका बालकाचा गळा दाबला आहे, त्या खुनाचा आळ निरपराध जस्टीनवर येईल अशी व्यवस्था केली आहे, आणि पुढे क्लेर्व्हाल व एलिझाबेथ यांचेही बळी घेतले आहेत. त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस असे व्हिक्टर मरताना वॉल्टनला बजावून सांगतो, आणि त्या इशाऱ्याला अगदीच आधार नाही असे नाही. परंतु कादंबरीची रचनाच अशी की, हा इशारा दिला गेल्यावरही शेवटचे दीर्घ भाषण त्या जिवालाच मिळते, आणि वॉल्टन ते ऐकून घेतो. ऐकून घ्यावे आणि मग न्याय करावा, असा लेखिकेचा आग्रह आहे. न ऐकताच केलेला न्याय तिला मान्य नाही.

याच कादंबरीत आणखी एक भाषाविद्यार्थी आहे, आणि भारतीय वाचकाने त्याची दखल घ्यावयास हवी. १८१८ च्या आवृत्तीत व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हाल फारसी, अरबी आणि हिब्रू यांकडे वळतो. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत हिब्रूच्या जागी संस्कृत आलेली आहे, आणि भारताच्या भाषांचे ज्ञान संपादून तेथे युरोपीय वसाहत व व्यापार यांच्या वाढीस हातभार लावावा असा त्याचा मनोदय स्पष्टपणे सांगितलेला आहे. एकाच ग्रंथात दोघे जण परक्यांची भाषा शिकतात : एक त्या परक्यांवर सत्ता चालविण्यास मदत व्हावी म्हणून, दुसरा त्यांनी आपल्याला जवळ करावे म्हणून. पहिल्याला कादंबरीतील सर्व माणसे सज्जन समजतात. हा विरोध लेखिकेने जाणून योजला असो वा नसो, तो ग्रंथात आहे.

५

जिवाची वाणी हिरावून घेण्यास पाचच वर्षे पुरली. २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या रंगभूमीवर पीक याने केलेले नाट्यरूपांतर आले. त्यात टी. पी. कुक याने रंगविलेला जीव मुका होता. हावभाव आणि संगीत यांवरच त्याची भूमिका उभी होती. पात्रयादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती. स्वतः मेरी शेलीने प्रयोग पाहिला आणि त्या रिकाम्या रेघेची कल्पना तिला आवडली. नाव नसणे हे तिच्या कादंबरीला धरूनच होते. वाणी नसणे मात्र तिला धरून नव्हते.

या बदलाचा उपयोग काय होऊ शकतो हे लौकरच दिसून आले. १६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या प्रश्नावर बोलताना परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी कादंबरीचे नाव न घेता या जिवाचा दृष्टान्त दिला. शरीराने प्रौढ परंतु बुद्धीने अद्याप बालक अशा माणसाला एकाएकी मोकळे सोडणे म्हणजे त्या कथेतील जिवासारखा जीव उभा करणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. दृष्टान्त मूळ ग्रंथाच्या नेमका उलटा आहे. कादंबरीतील जीव अशिक्षित नव्हे. प्लूटार्क वाचून तो न्यायाची मागणी करतो, आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या कहाणीने तो सफीबरोबर रडतो. ज्याचे म्हणणे ऐकावयाचे नाही त्याला प्रथम म्हणणेच नाही असे ठरवावे लागते. रंगभूमीवरील मुक्या जिवाने ही सोय आयती करून दिली होती.

त्यानंतरची परंपरा याच वाटेने गेलेली दिसते. १८४८ च्या ‘मेरी बार्टन’ या कादंबरीत एलिझाबेथ गॅस्केल अशिक्षित कामगारवर्गाला आत्मा नसलेल्या या राक्षसाची उपमा देते आणि तसे करताना त्याला निर्मात्याचे नाव देते. १८८२ साली ‘पंच’ साप्ताहिकात टेनिएलने काढलेल्या ‘आयरिश फ्रँकेनस्टाइन’ या व्यंगचित्रात आयरिश चळवळीला तेच रूप दिलेले आहे. गुलाम, कामगार, अंकित राष्ट्र : ज्यांच्याविषयी बोलले जाते, पण ज्यांच्याशी बोलले जात नाही, अशांसाठी हे रूपक पुनःपुन्हा वापरले गेले.

नावाच्या या अदलाबदलीला सुशिक्षित मंडळी अज्ञान म्हणून हसतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो अर्थपरिवर्तनाचा साधा प्रकार आहे. निर्मात्याचे नाव निर्मितीला लागणे यात नवल नाही. त्यातही एक न्याय आहे : नामकरण न करणाऱ्या पित्याचेच नाव अखेर मुलाने घेतले. हसावयाचेच असेल तर नाव चुकण्याला नव्हे, नाव मिळाले त्याच काळात वाणी गेली, या व्यवहाराला हसावे.

६

विसाव्या शतकातील चित्रपटाने हा मुकेपणा कायम केला. १९३१ सालच्या जेम्स व्हेलच्या चित्रपटात जॅक पिअर्सने घडविलेला चेहरा आणि बोरिस कार्लॉफचा अभिनय यांनी जी प्रतिमा निर्माण केली ती आजतागायत पुसली गेलेली नाही. आरंभीच्या श्रेयनामावलीत नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह होते. पण खरा बदल वेगळाच आहे. या चित्रपटात मदतनीस प्रयोगशाळेसाठी चुकून गुन्हेगाराचा विकृत मेंदू चोरून आणतो. या एका युक्तीने कादंबरीचा नैतिक प्रश्नच निकालात निघतो. समाजाने झिडकारल्यामुळे जीव क्रूर झाला की काय, हे विचारण्याचे कारण उरत नाही. दोष मेंदूच्या बरणीत होता असे ठरते.

तथापि चित्रपटाला दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. कार्लॉफने शब्दांवाचून, हात आणि डोळे यांच्या बळावर, जी व्याकुळता दाखविली ती अनेक बोलक्या रूपांतरांना साधलेली नाही. तळ्याकाठची लहान मुलगी त्याला न भिता खेळावयास बोलावते, तो क्षण म्हणजे कादंबरीने नाकारलेले संबोधनच होय. त्याचा शेवट मुलीच्या मृत्यूत व्हावा हे दुर्दैव. व्हेल आणि कार्लॉफ यांच्याच १९३५ च्या दुसऱ्या चित्रपटात आंधळा एकांतवासी त्याला घरात घेतो, भाकर, पेय, चांगला असे शब्द शिकवितो, आणि मुख्य म्हणजे त्याला मित्र म्हणतो. चारदोन शब्दांचा हा भाषावर्ग मूळ ग्रंथाच्या हृदयाच्या सर्वांत जवळ जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कादंबरीतील जिवाला शब्द पुष्कळ मिळाले, मित्र मिळाला नाही. येथे थोड्या शब्दांतच मित्र मिळतो. पण १९३९ च्या तिसऱ्या चित्रपटात तो पुन्हा मुका होतो, आणि १९४३ च्या चित्रपटात तर बेला लुगोसीच्या तोंडची चित्रित झालेली वाक्ये प्रदर्शनापूर्वी कापून टाकण्यात आली. वाणी परत घेण्याचे इतके शब्दशः उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

अलीकडे हा प्रवाह उलटला आहे. केनेथ ब्रानाचा १९९४ चा चित्रपट, निक डिअरचे २०११ चे लंडनमधील नाटक, गिलेर्मो देल तोरोचा २०२५ चा चित्रपट, या सर्वांत जीव बोलतो. हे इष्टच आहे. परंतु त्याला वाक्ये दिली म्हणजे ऋण फिटले असे नव्हे. प्रश्न मुळात त्याला बोलता येते की नाही हा नव्हताच.

७

मराठीत या जिवाला काय म्हणावे? आपण सहज ‘राक्षस’ म्हणतो. परंतु आपल्या परंपरेतील राक्षसाला कुळ असते, नाव असते, आप्त असतात. रावण तर विद्वान म्हणूनच ख्यात आहे. आपली भुतेसुद्धा अनामिक नाहीत : मुंजा, हडळ, समंध या प्रत्येकाला जात आहे आणि भूत होण्याचे कारण आहे. निर्मात्यावरच उलटणाऱ्या शक्तीला आपण भस्मासुर म्हणतो, पण भस्मासुराने वर मागितला होता आणि तो त्याला मिळालाही होता. या जिवाची एकुलती मागणी होती, आणि ती नाकारली गेली. म्हणून प्रस्तुत लेखात ‘जीव’ हा साधा शब्द वापरला आहे. त्यात निदान शिवी नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या भयकथेतून घ्यावयाचा बोध आपल्याच शास्त्राविषयी आहे. आपण शब्दसंग्रह मोजतो, वाक्यरचना तपासतो, भाषिक क्षमतेचे नियम मांडतो. आणि भाषा हेच माणसाचे व्यवच्छेदक लक्षण असे शिकवितो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कादंबरीतील जीव आपल्या सर्व परीक्षांत उत्तीर्ण होईल. जी एक परीक्षा तो उत्तीर्ण होत नाही ती त्याची नाहीच. ती ऐकणाऱ्यांची आहे. त्या आंधळ्या म्हाताऱ्याखेरीज कादंबरीत त्या परीक्षेला बसण्यास फारसे कोणी तयार झाले नाही, आणि तोही दार उघडेपर्यंतच.